मुकाबल्याला दोघं लागतात

चुका करणाऱ्या माणसांची या जगात मोजदाद नाही, चुका काढणाऱ्यांची तर त्याहून नाही. पण चुकांवर जीव लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा सासरा निघाला. लग्न ठरवताना मुलाकडच्यांनी सगळं नीट सांगितलं होतं. मुलगा जालन्याला बियाण्याच्या कंपनीत, बदनापुरात स्टेशनाजवळ तीन खोल्यांचं घर, कुंभार पिंपळगावाकडं थोडी शेती, सासू शांत, सासरे कचेरीतून निवृत्त, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. व्यसन होतं. फक्त त्याला मराठीत नाव नव्हतं. येशूच्या चरित्राच्या, म्हणजे शुभवर्तमानाच्या, ज्या जुन्यात जुन्या ग्रीक हस्तलिखित पोथ्या जगात उरल्या आहेत त्या एकमेकींशी ताडून पाहायच्या, आणि कुठल्या लेखनिकाचा हात कुठल्या ओळीत घसरला ते शोधायचं, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. आता हे मुलीकडच्यांना सांगणार तरी कसं? सांगितलं असतं तर माझ्या वडिलांनी पहिला प्रश्न केला असता, की डॉक्टर कोणता?

आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात, तेव्हा मीही मामाच म्हणते. मामांची सगळी नोकरी एका तालुक्याच्या कचेरीत, नक्कल विभागात गेली. कुणाला जुन्या कागदाची नक्कल हवी असली, की बस्त्यातून, म्हणजे कागदांच्या कापडी गाठोड्यातून, मूळ कागद काढायचा, बघून दुसरा लिहायचा, खाली "अस्सल बरहुकूम खरी नक्कल" असं घालून सही-शिक्का मारायचा. पण सहीच्या आधी एक महत्त्वाचं काम असे. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून अक्षर न अक्षर पाहायचं. निजामाच्या काळापासूनचे कारकून याला मुकाबला म्हणत. मामा तो शब्द निवृत्त होताना घरी घेऊन आले. रोज सकाळी अंघोळ, देवपूजा झाली की ते मोठ्या आवाजात जाहीर करायचे, "चला, मी मुकाबल्याला बसून राह्यलो!" शेजारी नवीन बिऱ्हाड आलं, तेव्हा त्यातल्या बाईनं आठवडाभर ऐकून घेतलं आणि मग मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "ताई, तुमचे सासरे रोज नेमानं भांडतात कुणाशी?"

हे खूळ शिरलं ते निवृत्तीच्या वर्षी. जालन्याच्या एका जुन्या चर्चचे पास्टर कसल्याशा कागदाची नक्कल घ्यायला आले होते. बाकावर वाट बघत ते एक जाडजूड पुस्तक वाचत बसले होते. वर थोडा मजकूर, आणि पानाच्या तळाशी मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक टिपणं. मामांनी विचारलं, हे खाली काय? पास्टर म्हणाले, मूळ ग्रंथाची प्रत आता जगात कुठं नाही, नकला मात्र हजारो आहेत. कोणत्या नकलेत कोणता शब्द वेगळा पडला त्याची ही नोंद. मामा खुर्चीतून उठून उभे राहिले म्हणे. "असल न्हाई? असल गायब, आन् नकला हजारो? मंग मुकाबला कशाशी करता?" पास्टर म्हणाले, "नकलांचा नकलांशी." मामांनी त्यांना त्या दिवशी नक्कल दिली, वर स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली, आणि येत्या शनिवारी घरी यायचं वचन घेतलं. साठीला टेकलेला माणूस चौरेघी वहीत "आल्फा, बीटा" गिरवायला लागला. मोडी आणि उर्दू त्यांना वाचता येतच होती. ग्रीक पोथ्यांत दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते हे कळल्यावर ते म्हणाले, "मोडीत तरी कुठं सोडतेत?" आणि पुढं सरकले.

नवऱ्यानं त्यांना एक टॅब आणून दिला. सिनाईच्या डोंगराखालच्या मठात सापडलेली आणि रोमच्या ग्रंथालयात जपलेली अशा दोन फार जुन्या पोथ्यांची पानं त्यावर दिसत. मामा त्यांना "सिनाईवाली" आणि "रोमवाली" म्हणत, दोन सुना असाव्यात तसं. सिनाईवालीचे चार रकाने, रोमवालीचे तीन. सिनाईवाली घाईत असते, रोमवाली मितभाषी. मुकाबल्याला दोघं लागतात, आणि घरात इंग्रजी अक्षर ओळखणारी, सुटीत मोकळी असलेली बाई एकच होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी कोथिंबीर निवडता निवडता ग्रीक अक्षरं वाचायला शिकले. अर्थ एका शब्दाचा कळत नसे. मी छापील पुस्तकातून "काप्पा, आल्फा, इओटा" असं म्हणायची आणि मामा टॅबवर बोट सरकवत "बराबर... बराबर..." म्हणायचे. फरक सापडला की हात वर व्हायचा, "ठहर!" त्या "ठहर"मध्ये असा आनंद असायचा की माझ्या हातातली जुडी खाली पडायची. माझी चिडचिड व्हायची, खोटं कशाला सांगू. पोळ्या राहिलेल्या, वह्या तपासायच्या राहिलेल्या, आणि मी इथं मेलेल्या लोकांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढत बसलेली.

एकदा तर त्यांनी पास्टरांना तातडीनं बोलावून घेतलं. बायबलातल्या एका पत्रात एका अक्षराच्या पोटात रेघ आहे की नाही, यावर म्हणे फार मोठा अर्थ अवलंबून होता. रेघ असली तर तो शब्द "देव" होतो, नसली तर नुसता "जो". सिनाईवालीत रेघ नाही असं सगळे पंडित सांगतात, आणि मामांना ती चक्क दिसली होती. पास्टर पॅसेंजरनं धावत आले. त्यांनी चष्मा पुसला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं. अक्षर मोठं झालं; रेघ तेवढीच राहिली. पास्टरांनी ती नखानं खरवडून जिभेला लावली आणि म्हणाले, "हळद आहे." मामांनी माझ्याकडं पाहिलं ते अजून डोळ्यांपुढं आहे. दोन दिवस ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले.

गावाकडं बोभाटा व्हायचा तो झालाच. एक दिवस कुंभार पिंपळगावाहून त्यांचे चुलतभाऊ आले, पाणी प्यायले आणि घसा खाकरून म्हणाले, "भाऊ, तुमी म्हणे चर्चमदी जाऊन राह्यले?"

"न्हाई बा," मामा म्हणाले. "चर्चच दर शनवारी माझ्याकडं येऊन राह्यलं."

"मंग हे पुस्तक?"

"आरं, मी नक्कल विभागाचा माणूस. अर्जदाराचा धर्म कव्हा पाह्यला म्या? कागद आला, मुकाबला केला, बस." आणि मग त्यांनी त्या बिचाऱ्याला दीड तास सिनाईवालीच्या चुका दाखवल्या. ते पुन्हा कधी धर्माची चौकशी करायला आले नाहीत.

पाठभेदांच्या शास्त्रातला एक नियम मामांना फार आवडे. एकाच ठिकाणी एका पोथीत सोपं आणि दुसऱ्या पोथीत अवघड वाक्य असलं, तर बहुधा अवघडच खरं. कारण नकलनवीस अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड कशाला करील? एके ठिकाणी महारोगी येशूपुढं गुडघे टेकतो, तेव्हा बहुतेक पोथ्या म्हणतात, येशूला कळवळा आला. एक पोथी म्हणते, त्याला राग आला. मामा म्हणत राग खरा असणार, कळवळा मागून कुणीतरी घातला. हा नियम ग्रंथापुरता राहता तर बरं होतं. दूधवाला म्हणाला, म्हशीनं पाणी जास्त प्यायलं. मामा म्हणाले, हा सोपा पाठ झाला. मी एकदा मैत्रिणींबरोबर पाणीपुरी खाऊन उशिरा आले आणि शाळेत मीटिंग होती म्हणून सांगितलं. मामा टॅबवरून मान वर न करता म्हणाले, "सूनबाई, दुसऱ्या पोथीत काय हाय?" मी पाणीपुरी कबूल केली. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, पदराआड हसत होत्या.

मात्र एका बाबतीत मामांचं हसू मावळायचं. एकसारख्या शेवटाच्या दोन ओळी जवळजवळ आल्या, की नकलनवीसाची नजर पहिलीवरून उचलून दुसरीवर बसते आणि मधलं सगळं गळतं. सिनाईवालीत असं पुष्कळदा झालंय. तसं ठिकाण आलं की मामा "ठहर" म्हणायचे नाहीत. बोट तिथंच ठेवून गप्प बसायचे. एकदा गल्लीतल्या लग्नाची पत्रिका आली. ते पत्रिकांचाही मुकाबला करत, त्याच घरच्या मागच्या वर्षीच्या पत्रिकेशी. लागोपाठची दोन नावं "पाटील"नं संपत होती आणि मधले एक काका गळाले होते. ऐन उन्हात मामा सायकल काढून लग्नघरी गेले. तिथले लोक म्हणाले, राहू द्या हो, काका समजून घेतील. त्यावर आमचे मामा, ज्यांचा आवाज टॅबशिवाय कुणावर चढल्याचं मी ऐकलं नव्हतं, ओरडले, "नाव गाळलेला माणूस समजून घेत न्हाई! त्याला वाटतं, मुद्दाम गाळलं!" पत्रिका पुन्हा छापल्या गेल्या. आम्ही घरी ही गोष्ट किती दिवस रंगवून सांगितली. आता सांगवत नाही.

मग आलं मार्काच्या शुभवर्तमानाचं शेवटचं पान. येशूच्या कबरीवर गेलेल्या बायकांना कबर रिकामी दिसते, त्या पळत सुटतात आणि कुणालाच काही सांगत नाहीत, भ्यालेल्या असतात म्हणून. सिनाईवाली आणि रोमवाली दोघी इथंच थांबतात. पुढचा मजकूर नंतरच्या पोथ्यांत आहे. रोमवालीनं तर पुढं आख्खा रकाना कोरा सोडलाय. त्या कोऱ्या रकान्यावर मामा बेहद्द खूष. "याला म्हणतेत नकलनवीस! फुडं काही हाय हे कानावर असंल त्याच्या. पण समोरच्या कागदात न्हाई, तर लिव्हलं न्हाई. जागा सोडली." भांडण होतं ते शेवटच्या शब्दावरून. ग्रीकात तो शब्द आहे "गार", म्हणजे "कारण". पास्टरांचं म्हणणं, "कारण" या शब्दावर कुठलं पुस्तक संपतं का? शेवटचं पान गळालं असणार. मामांचं म्हणणं, पान-बिन काही गळालं नाही, तो माणूस तिथंच थांबला. लागोपाठ चार शनिवार आमच्या ओसरीवर "गार!" "गारच!" अशी आरडाओरड चालली. आत्याबाईंनी पहिल्या शनिवारी दोघांचे कप उचलून चहा गरम करून आणला. दुसऱ्या शनिवारी दोनदा आणला. तिसऱ्या शनिवारी त्यांनी पातेलंच बाहेर आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "आता गार म्हणाल तर बघा!"

तिसऱ्या शनिवारनंतर मामांचं भिंग सापडेना. आठ दिवस ते शोधत होते. शेवटी चौथ्या शनिवारी, पास्टर ओसरीवर असतानाच, ते ज्वारीच्या कोठीत मिळालं, काच तडकलेली. आत्याबाईंच्या हातून पडलं होतं.

"आवं, मंग सांगितलं का न्हाई?" मामांनी विचारलं.

आत्याबाई खाली बघत म्हणाल्या, "भेले ना."

मामांचा चेहरा उजळला. भिंगाचं विसरून ते पास्टरांकडं वळले. "ऐकलं का? 'ना'! 'भेले ना'! हा घ्या तुमचा गार! वाक्याच्या शेवटाला बसला का न्हाई? आमच्या बायका रोज त्याच्यावर वाक्य संपवतेत!" पास्टर हसायला लागले, म्हणाले, हरलो, खरंच हरलो. मीही हसत होते. मामा मात्र मधेच थांबले. "भेले ना," असं पुन्हा एकदा स्वतःशीच म्हणाले, उठून आत गेले, आणि पास्टर गाडीला निघाले तरी बाहेर आले नाहीत.

त्यानंतरच्या सोमवारी सुटी होती, रोजची शाळेआधीची घाई नव्हती. आम्ही मुकाबल्याला बसलो, पण वीज गेली आणि टॅब चार्ज केलेला नव्हता. मामांच्या डोळ्यांत तोवर काचबिंदू उतरला होता. डॉक्टरांनी वर्षभराचीच नजर सांगितली होती. मी सहज विचारलं, "मामा, त्या बायका कशाला भ्याल्या असतील? चांगलीच बातमी होती ना?" त्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते आत्याबाईंनाही ठाऊक नव्हतं.

नोकरी लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. सखाराम नावाच्या एका म्हाताऱ्यानं मरणाआधी दिलेल्या जबाबाची नक्कल मागायला त्याचे मुलगे आले. सखारामला पहिल्या बायकोचे दोन मुलगे आणि पाटाच्या बायकोची एक मुलगी, गया. माझ्यामागं लोक हिला बोल लावतील म्हणून त्यानं जबाबात तिन्ही नावं वेगळ्या ओळींत घातली होती आणि प्रत्येकापुढं तेच शब्द होते : "माझं पोटचं लेकरू." दगडू, माझं पोटचं लेकरू. भिका, माझं पोटचं लेकरू. गया, माझं पोटचं लेकरू. मामांनी भिकाची ओळ लिहिली, मान वर केली, खाली पाहिलं तेव्हा नजर गयाच्या "लेकरू"वर बसली, आणि ते पुढं लिहीत गेले. मुकाबल्याचा जोडीदार त्या दिवशी लेकीच्या लग्नासाठी रजेवर. माणसं घाई करत होती. मामांनी एकट्यानंच मुकाबला केला, म्हणजे केलाच नाही, आणि जोडीदाराची सहीसुद्धा स्वतःच ठोकली. काही महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी तो बस्ता सुटला, तेव्हा त्यांना गळालेली ओळ दिसली. तोवर भावांनी तो कागद गयाच्या तोंडावर धरून तिला सांगितलं होतं, बापानं तुला लेक म्हणून धरलंच नाही. तिचं माहेर तुटलं होतं. चूक कबूल करावी तर खोट्या सहीपायी दोघांची नोकरी जाणार. मामांनी बस्ता पुन्हा बांधला. पुढं कचेरीच्या त्या खोलीला वाळवी लागली, आणि मूळ कागद संपला.

"माझी चूक बी खाल्ली वाळवीनं, आन् असल बी खाल्लं," मामा म्हणाले. "ती बाई धावड्याला दिली हाय. जिती हाय. धावड्याचं कुणी कचेरीत आलं की मी इचारायचो, गयाबाई बरी हाय का. लोकायला वाटे, नातं असंल." मग म्हणाले, "आता त्या कागदात काय व्हतं हे फक्त मला ठावं हाय, सूनबाई. मी गेलो की त्या बाईची कागदातली वळ गेली."

मला राग आला. सरळ लिहिते, राग आला. वर्गात मी हजेरी घेताना एक नाव विसरले तर ते पोर दिवसभर तोंड पाडून बसतं. आणि इथं एका बाईनं सगळं आयुष्य तसं काढलं होतं, तेही माझ्या घरातल्या माणसामुळं, जो रोज सकाळी मला समोर बसवून सोळाशे वर्षांपूर्वीच्या लेखनिकांच्या चुका मोजत होता. मी दोन दिवस मुकाबल्याला बसले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर मामा एकटेच टॅब डोळ्यांना जवळजवळ चिकटवून बसले होते आणि स्वतःच वाचून स्वतःच "बराबर" म्हणत होते. मला कळवळा आला. महारोग्याच्या त्या गोष्टीत बहुतेक दोन्ही पोथ्या खऱ्याच असाव्यात. मी म्हणाले, "मामा, उद्या शाळेत रजा टाकते. आपण धावड्याला जाऊ."

त्या दिवशी त्यांनी कागद लिहिला. आठवणीतला जबाब, कचेरीच्या पद्धतीनं, वळणदार अक्षरात. मधले दोन तपशील त्यांना आठवेनात, तिथं त्यांनी रोमवालीसारखी जागा कोरी सोडली. "अस्सल बरहुकूम" लिहिलं नाही. "असल वाळवीने नष्ट, स्मरणावरून नक्कल" असं लिहिलं. तळाशी मात्र सवयीनं दोन जागा आखल्या, वाचणार आणि पाहणार. पहिलीवर सही केली. मी म्हटलं, दुसरीवर मी करू का? माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमी असल पाह्यलं न्हाई, सूनबाई. पुन्यांदा खोटी सही नगं." ती जागा कोरी राहिली.

सकाळच्या गाडीनं जालना, तिथून भोकरदन, पुढं जीपनं धावडा. मामा वाटभर पिशवीतला कागद चाचपत होते. गयाबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. बारीक चणीची, पांढरे केस, कमरेत वाकलेली. कोण, कुठले, हे मामांनी उभ्या उभ्याच सांगितलं, ती बसा म्हणेपर्यंत सगळं सांगून टाकलं. मग कागद तिच्यापुढं धरला. "मला वाचता येत न्हाई. तुमीच वाचा," ती एवढंच म्हणाली. मामांनी वाचलं. कागद डोळ्याशी धरूनही त्यांना नीट दिसत नव्हतं, पण त्यांना बघायची गरजही नव्हती.

"पुन्यांदा वाचा," गयाबाई म्हणाली.

त्यांनी वाचलं. असं तिनं चारदा वाचायला लावलं. मग तिनं हात पदराला पुसले आणि म्हणाली, "म्हंजी बापानं टाकलं न्हाई मला?"

"न्हाई, बाई. म्या टाकलं."

"भाऊ ग्येले दोघं. त्यांच्यावर माझा राग नव्हता फारसा. भावायचं कायबी असतं. पण मला वाटे, बापानंच... मरताना..." तिनं पुढ्यातल्या मिरच्या हातानं पसरल्या. मग विचारलं, "इतके वर्सं सांगितलं का न्हाई तुमी?"

"भेलो ना," मामा म्हणाले.

त्याच्यापुढं त्यांनी काही जोडलं नाही. नोकरी, लहान लेकरं, जोडीदार, सगळं सांगता आलं असतं. गयाबाईनं माफ केलं असं ती म्हणाली नाही. मामांनी मागितलंही नाही. तिनं कागद घेतला, मिरचीचे हात लागू नयेत म्हणून पदरात धरला, आणि आत जाऊन आमच्यासाठी चहा टाकला. परतीच्या जीपमध्ये मामा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. सासरा सुनेच्या खांद्यावर झोपतो का आमच्याकडं? पण मी हलले नाही.

त्यानंतर ते सात महिने जगले. नजर गेलीच. मग मी वाचायची आणि ते नुसतं ऐकायचे. पाहणारा कुणी नव्हता, तेव्हा त्याला मुकाबला म्हणता येत नव्हता, पण "बराबर" ते म्हणत राहिले. पास्टरांनी एकदा चिडवून पाहिलं, की अजून वाटतं, पान गळालं असणार. मामा नुसते हसले. पावसाळा संपता संपता ते गेले.

तेराव्याला मांडवात माणसं जेवत होती तेव्हा गयाबाई आली. धावड्याहून एकटी, दोन गाड्या बदलून. तिनं मामांच्या फोटोला हात जोडले, आत्याबाईंजवळ बसली, आणि पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून माझ्यापुढं धरला. म्हणाली, "नातू वाचून दाखवितो, पण त्याला ते अक्षर नीट लागत न्हाई. तू वाच, बाई. एकडाव वाच."

मी वाचायला लागले. ते वळणदार अक्षर, तो काना, ती शिरोरेघ पाहिली आणि डोळे भरून आले. सगळं धूसर झालं. तरी मी नेटानं वाचत गेले. दगडू, माझं पोटचं लेकरू. भिका, माझं पोटचं लेकरू. म्हणून हा जबाब राजीखुशीनं...

"ठहर," गयाबाई म्हणाली.

मी थांबले. तिनं आयुष्यात एक अक्षर गिरवलेलं नव्हतं. तिचं बोट कागदावर नव्हतंच. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"एक वळ राह्यली, बाई."

मी डोळे पुसले आणि मागं गेले. सापडली. गया, माझं पोटचं लेकरू.

"हां," ती म्हणाली. "आता बराबर."